सावजी भोजनालय : नागपूरच्या मागापासून गडचांदूरच्या भट्टीपर्यंत

सावजी भोजनालय म्हणजे मुळात कोष्ट्याच्या घराचा पुढचा खण. जिथे माग होता तिथे दोन लाकडी बाकडी आली, मागच्या चुलीवर घरच्या माणसांपुरता होणारा रस्सा मोठ्या गंजात शिजू लागला आणि दारावर हाताने रंगवलेली पाटी लागली. एवढ्या भांडवलावर हा धंदा उभा राहिला. नागपूरच्या विणकर वस्त्यांत जन्मलेले हे भोजनालय पुढे रेल्वे, कोळसा आणि सिमेंट यांच्या मागोमाग विदर्भभर गेले. चंद्रपूर जिल्ह्यात, माणिकगडच्या डोंगररांगेजवळच्या गडचांदुरात पाळी संपवून आलेला कामगार आज ज्या ताटावर बसतो, त्या ताटाचे मूळ नागपूरच्या खड्डा मागापाशी आहे.

‘सावजी’ हे पदार्थाचे नाव नव्हे, माणसाला मारलेली हाक आहे. साव म्हणजे पत असलेला, चोख व्यवहाराचा माणूस. त्याला आदराचा ‘जी’ जोडला गेला. नागपुरात हलबा कोष्टी समाजातल्या माणसाला अशी हाक मारायची रीत पडली आणि त्याच्या घरचे जेवण ते सावजी जेवण झाले. मालवणी, कोल्हापुरी, वऱ्हाडी ही नावे मुलखावरून आली. सावजी हे नाव मात्र विणकराच्या घरावरून आले. या जेवणाचा इतिहास त्यामुळे विणकामाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

नागपूर शहर देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास वसवले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते भोसल्यांच्या राजधानीचे ठिकाण झाले आणि दरबाराबरोबर कापडाची मागणी आली. रेशीमकाठी धोतरे, उपरणी, पागोटी, लुगडी यांना सरदार-मानकऱ्यांत गिऱ्हाईक होते. नागपूर, उमरेड, भंडारा, पवनी या गावांतले कोष्टी बारीक सुताच्या विणीसाठी नावाजले होते. १८५३-५४ मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. दरबार गेला आणि उंची कापडाचा सर्वांत मोठा खरेदीदार त्याच्याबरोबर गेला. माग मात्र थांबले नाहीत. लुगड्यांना बाजारात उठाव होता आणि महाल, इतवारी, गोळीबार चौक, पाचपावली या भागांत पुढची शंभर वर्षे खटखट चालूच राहिली.

खड्डा मागावर विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. पाय पावड्या दाबतात, हात धोटा फेकतात आणि नजर काठावर असते. पण कापड एकट्या विणकराच्या हातून होत नाही. कांड्या भरणे, ताणा लावणे, सुताला खळ देणे ही कामे घरातल्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे करत. सगळे घर उजाडल्यापासून एकाच कामाला जुंपलेले असे. अशा घरात रोजचा स्वयंपाक साधाच: ज्वारीची भाकरी, भात, डाळ, एखादी भाजी. मटण आठवड्याच्या बाजाराला किंवा सणावाराला. तेही थोडे आणि खाणारी तोंडे फार. थोड्या मटणात मोठे घर जेवायचे असेल तर रस्सा पातळ आणि चवीला जबर हवा. भाकरी कुस्करून त्यात भिजवली की पोट भरते. सावजी रश्श्याची घडण या हिशेबातून उलगडते. दाट, मलईदार रस्सा श्रीमंताच्या घरचा. कोष्ट्याच्या घरचा रस्सा पातळ, गडद आणि जिभेवर बराच वेळ टिकणारा.

सावजी म्हणजे नुसते तिखट, अशी समजूत विदर्भाबाहेर रुजली आहे. ती या जेवणावर अन्याय करणारी आहे. तिखट असतेच, आणि नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला त्याचे श्रेय जाते. या मिरचीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण खरे काम मसाल्याच्या भाजणीत असते. धने, जिरे, शहाजिरे, मिरे, लवंग, दालचिनी, मसाला वेलची, तेजपान, जायपत्री, चक्रीफूल, नागकेशर, दगडफूल, खसखस, सुके खोबरे ही यादी साधारण सगळीकडे सारखी. प्रमाण मात्र घरोघरी वेगळे आणि ते बाहेर सांगितले जात नाही. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा लागतो. खसखस क्षणात करपते, धन्याला दम लागतो, दगडफूल कच्चे राहिले तर रश्श्याला मातकट वास येतो आणि जास्त झाले तर कडवट. कांदा उभा चिरून तेलात काळपट होईपर्यंत परततात, खोबरे निखाऱ्यावर भाजतात. मग सगळे पाट्यावर पाण्याच्या हाताने वाटायचे. वरवंट्याखाली मसाला लोण्यासारखा झाला पाहिजे, बोटांत कण लागता कामा नये. ज्वारीचे थोडे पीठ भाजून लावले की पातळ रश्श्यालाही अंग येते. पूर्वी रश्श्यासाठी जवसाचे तेल वापरत, कारण जवस विदर्भात मुबलक पिकत असे. आता बहुतेक ठिकाणी शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे तेल असते आणि जुनी माणसे चव बदलल्याचा दोष पहिल्यांदा तेलालाच देतात.

मसाला मंद आचेवर परतत राहिला की त्याला तेल सुटते. मिरचीचा रंग पाण्यात फारसा उतरत नाही, तेलात उतरतो; म्हणून सुटलेले तेल लालभडक होते आणि रस्सा उकळला की वर तरंगते. हीच तर्री. ती दिसायला दाहक असली तरी तिचा एक साधा उपयोग आहे: तेलाच्या थराखाली रस्सा बराच वेळ गरम राहतो. उशिरा जेवायला येणाऱ्या माणसाला कढत रस्सा मिळायचा तो त्या थरामुळे. नागपूरचा तर्री-पोहा हा याच कल्पनेचा सकाळचा अवतार म्हणता येईल.

भोजनालयाच्या फळ्यावरची नावे वाचली की या जेवणाचा वर्ग कळतो. मटणाबरोबर तिथे खूर, मुंडी, भेजा, कलेजी, वजरी लिहिलेले असते. बकऱ्याचे उत्तम मांस ज्याला परवडते तो घेऊन जातो. उरते ते स्वस्त असते आणि ते रुचकर करायला वेळ, मसाला आणि हात लागतो. खूर रात्रभर मंद आचेवर ठेवले तर त्यातला चिकट अंश रश्श्यात उतरतो आणि बोटे एकमेकांना चिकटू लागतात. हा अनुभव फक्त विदर्भाचा नाही. इटलीत रोम शहराच्या तेस्ताच्चो भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा कत्तलखाना उभा राहिला. तिथल्या कामगारांना मजुरीचा काही भाग आतडी, शेपूट, जीभ अशा अवयवांच्या रूपाने मिळे. जनावराचे चार मोठे भाग विकून झाल्यावर उरलेला हा ‘पाचवा हिस्सा’ त्या वस्तीतल्या छोट्या खानावळींनी शिजवायला घेतला आणि त्यातून रोमच्या स्वयंपाकाची एक अख्खी शाखा तयार झाली. कत्तलखाना १९७५ मध्ये बंद पडला. शेपटीचा रस्सा आणि वासराच्या आतड्यांचा पास्ता मात्र आजही रोमचे अभिमानाचे पदार्थ आहेत. नागपूरचा खूर-रस्सा आणि रोमचा शेपूट-रस्सा यांच्यात मसाल्याचे काहीही साम्य नाही. दोन्हीकडे कष्टकऱ्याने पदरी पडलेल्या मांसाचा मान वाढवला, हे मात्र सारखे आहे.

मागाचा कणा मोडायला बराच काळ लागला. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीचे स्वस्त कापड विणकराच्या दारात आले. काही कोष्टी स्वतःच गिरणीत कामाला लागले. बाकीच्यांनी गिरणीला न जमणाऱ्या काठापदराच्या लुगड्यांवर तग धरला. स्वातंत्र्यानंतर यंत्रमाग आले आणि त्यांनी तोही आधार काढून घेतला. १९७६ पासून सरकारच्या जनता कापड योजनेने हातमागाला काही वर्षे काम दिले, पण ते जाडेभरडे कापड होते; बारीक विणीचे कसब त्यात खपत नव्हते. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. विणकर घरांच्या हातात जे उरले त्यात स्वयंपाक होता.

भोजनालये या उतरणीच्या काळात वाढत गेली. सुरुवातीला दुकान असे नव्हतेच. ओळखीची माणसे सांगून जेवायला येत, घरातल्या माणसांच्या पंगतीतच बसत आणि निघताना पैसे ठेवत. काही ठिकाणी गिऱ्हाईक स्वतः मटण आणून देई आणि करणावळ भरे. विदर्भातल्या रस्त्यांवर ‘मटण करून मिळेल’ अशा पाट्या अजून दिसतात, त्या याच रिवाजाच्या. इटलीतल्याच बोलोन्या शहरात १४६५ पासून चालत आलेल्या एका मद्यालयात आजही फक्त मद्य मिळते, खाणे गिऱ्हाइकाने घरून आणायचे असते. जागा एकाची, सामान दुसऱ्याचे, ही वाटणी छोट्या खानावळींच्या इतिहासात जगभर सापडते.

येणाऱ्यांत एक मोठा गट असा होता, ज्यांच्या घरी मांस शिजत नसे. कुणाच्या घरी सोवळे, कुणाच्या घरी माळ. अशी माणसे काळोख पडल्यावर विणकर आळीत शिरत, मागच्या बाकड्यावर बसून जेवत आणि पान खाऊन घरी जात. एरवी ज्या घरचे पाणी प्यायला जातीचा विचार आड आला असता, तिथे ताट वाढून घेतले जाई. या उंबरठ्याने जातीची भिंत पाडली असे म्हणणे फार होईल, पण तिला एक खिडकी नक्की पडली. बायका मात्र तिथे जेवायला दिसत नसत. त्या चुलीपाशी होत्या. पाटीवर नाव घरातल्या पुरुषाचे, गल्ल्यावर पुरुष, वाढायला पुरुष. भाजणी, वाटण आणि मिठाचा अंदाज बाईचा. सावजी चव म्हणून जी गोष्ट आज विकली जाते, ती सासूकडून सुनेकडे हातातून हातात गेलेली आहे. या बायकांची नावे पाट्यांवर आली नाहीत, ही या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव आहे.

मुंबईतही गिरणगावात खानावळी बायकांनीच चालवल्या. घाटावरून आणि कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार महिन्याच्या बोलीवर त्यांच्याकडे जेवत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावजी भोजनालयाचा बाज वेगळा राहिला. तिथे महिन्याचा डबा नव्हता. एका वेळचे, मनाजोगते, जरा चैनीचे जेवण होते. मुंबईची खानावळ पोटासाठी होती, सावजीकडे माणूस जिभेसाठी जात असे.

नागपूरबाहेर हे जेवण गेले ते कामगाराच्या पायांनी. चंद्रपूर, तेव्हाचे चांदा, हा कोळशाचा मुलूख. १८७० च्या दशकात वरोऱ्याच्या खाणीतून कोळसा निघू लागला आणि त्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा टाकला गेला. विसाव्या शतकात खाणकाम बल्लारपूर, घुग्घुस, राजुऱ्याकडे सरकले. बल्लारपुरात कागद गिरणी आली. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय नागपुरात राहिले. साहेब, कारकून, ठेकेदार, ट्रकवाले यांची नागपूर-चंद्रपूर ये-जा रोजची झाली. १९८० च्या दशकात चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र सुरू झाले. जिथे पगार आला तिथे नागपूरची चव मागणारा माणूस आला आणि त्याच्यामागे पाटीही आली.

गडचांदूरची गोष्ट जरा निराळी आहे, कारण हा भाग जुन्या चांदा जिल्ह्याचा नव्हेच. राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा तालुका नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. गडचांदूर आणि आजचा कोरपना तालुका याच पट्ट्यातले. बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा बोली आणि दखनी हिंदी कानावर येते. इथले मूळचे जेवण ज्वारी, तूर, अंबाडी, मोह आणि भाताचे. मसाल्यांचा थाट त्यात नव्हता.

गावाचे रूप चुनखडीने बदलले. या भागात जमिनीखाली सिमेंटजोगी चुनखडी आहे आणि कोळसा जवळच. १९८० च्या दशकात आवारपूरला लार्सन अँड टुब्रोचा आणि गडचांदुरातच माणिकगड सिमेंटचा कारखाना सुरू झाला. पुढे उपरवाहीला मराठा सिमेंट आले. सिमेंटची भट्टी म्हणजे आडवे फिरणारे लोखंडी नळकांडे. आत १,४०० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता असते आणि एकदा पेटवली की ती महिनोन्महिने विझवत नाहीत, कारण थंड होऊन पुन्हा तापवताना आतले विटांचे अस्तर फुटते. भट्टी थांबत नाही म्हणून माणसेही तीन पाळ्यांत येतात, आणि गावातली भोजनालये त्याच घड्याळावर चालतात.

दुपारी पाळी सुटल्यावर जेवायला बसलेल्या माणसाच्या भुवयांवर अजून राखाडी धूळ असते. तो आधी ग्लासभर पाणी पितो. स्टीलच्या ताटात चिरलेला कांदा, लिंबाची फोड, पोळ्या किंवा भाकरी येते, वाटीत चार फोडी मटण आणि काठोकाठ रस्सा. फोडी मोजून, रस्सा न मोजता. दुसऱ्यांदा रस्सा वाढताना पोऱ्या ‘तर्री टाकू का?’ एवढेच विचारतो. पोळी संपते तेव्हा रस्सा उरलेला असतो, म्हणून भात मागवला जातो; तेलुगू मुलुखातून आलेला कामगार तर भातानेच सुरुवात करतो. या पट्ट्यात भाताचा ढीग नागपूरपेक्षा मोठा असतो. मांस वर्ज्य असलेल्या वारांना, सोमवारी, गुरुवारी किंवा शनिवारी, तोच मसाला डाळकांद्यात आणि पाटोडी रश्श्यात जातो. बेसनाच्या वड्या रश्श्यात सोडलेली ही पाटोडी कमी लेखू नये. कित्येक घरांत मटणापेक्षा तिच्यावरून स्वयंपाकिणीची पारख होते. श्रावणात बाकडी रिकामी पडतात आणि पोळा झाला की दुसऱ्याच दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मटणाच्या दुकानापासून भोजनालयापर्यंत गर्दी लोटते.

संध्याकाळच्या धंद्याचा दारूशी संबंध होता आणि आहे. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. परवानाधारक बार बंद झाले. मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवली. बंदीच्या मागणीसाठी बायकांनी केलेला लढा खरा होता आणि त्यामागचे दुःखही खरे होते. ज्या जेवणाची ख्याती बायकांच्या हातांवर उभी राहिली, त्याच्या संध्याकाळी बायकांना धाक वाटावा अशा होत गेल्या, ही गोष्ट दडवण्यासारखी नाही. आता काही भोजनालयांनी ‘फॅमिली’ अशी पाटी लावून वेगळी खोली केली आहे. तिथे बायका-मुले येऊन बसतात आणि दारू चालत नाही.

पाट्याची जागा गावोगावी मिक्सरने आणि ओल्या चक्कीने घेतली आहे, चुलीची गॅसने. सावजी मसाल्याची पाकिटे किराणा दुकानात मिळतात आणि पुण्या-मुंबईत शिकायला गेलेली विदर्भातली मुले ती बॅगेत घेऊन जातात. पाटी लावायला आता सावजी घरात जन्मावे लागत नाही. कुठल्याही समाजाचा माणूस ‘सावजी’ लिहितो आणि बरेचदा तिखटाचा डबा मोकळा सोडून वेळ मारून नेतो. जाणते गिऱ्हाईक ते पहिल्या घासाला ओळखते: नुसत्या तिखटाने घसा जळतो, भाजलेल्या मसाल्याची ऊब छातीत उतरते. गडचांदूरसारख्या गावात जुनी भोजनालये म्हणूनच वाटण विकत घेत नाहीत. सकाळी दहाच्या आत मागच्या अंगणात कांदा काळा होऊ लागतो आणि दगडफुलाचा वास रस्त्यापर्यंत येतो. दुपारच्या पाळीला निघालेले कामगार तिथेच विचारून जातात, आज खूर आहे का, आणि असेल तर रात्री पाळी सुटल्यावर दोन वाट्या ठेवायला सांगतात.